हत्तीच्या पोटात गेंडा शोधताना

माझ्या कामाच्या टेबलावर सहा महिने लिनोचा (कोरून छापायच्या मऊ लिनोलियमचा) एक तुकडा पडून होता. त्यावर पेन्सिलीने काढलेला अर्धा गेंडा. आपल्या भूमीतून गेलेल्या किंवा जायला निघालेल्या प्राण्यांवर मी काही छापचित्रं आणि लहान शिल्पं करते आहे. खवले मांजर भाजक्या मातीत झालं (दोनदा भट्टीत तडकलं, तिसऱ्यांदा टिकलं). चित्ता लिनोत झाला. १९५२ साली तो भारतातून संपल्याचं जाहीर झालं आणि २०२२ मध्ये आफ्रिकेतून आणून मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडला, त्यामुळे त्याला यादीत ठेवायचं की नाही हा वाद माझा माझ्याशीच चालू असतो. पण घोडं अडलं गेंड्यापाशी. काहीही काढलं की तो ड्युररचाच गेंडा व्हायचा.

लाकडावर कोरून छापलेला तो चिलखती गेंडा बहुतेकांनी पाहिलेला असतो. १५१५ सालचा. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगिजांना भेट दिलेलं जनावर गोव्याहून जहाजाने लिस्बनला पोचलं. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्युरर तिकडे न्यूरेंबर्गमध्ये. गेंडा त्याने कधीच पाहिला नाही. कुणीतरी पाठवलेलं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन, एवढ्यावर भागवलं. अंगावर पत्रे ठोकल्यासारखी कातडी आणि मानेमागे एक जास्तीचं शिंग. पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोपात गेंडा म्हणजे हाच. दुसऱ्या वर्षी बिचारा खरा गेंडा पोपकडे नेताना इटलीच्या किनाऱ्याजवळ बुडून मेला, छापातला मात्र अजून माझ्या मानगुटीवर.

भाचीला हे रडगाणं ऐकवलं. ती प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, आणि बोलण्यात फार वेळ घालवत नाही. म्हणाली, "मावशी, कोकणच्या कातळावर गेंडा कोरलाय म्हणतात. ज्याने कोरला त्याने पाहिला असणार. जाऊन बघू या ना."

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस काढले.

पहिला दिवस : उक्शी

रात्रीच्या गाडीने पहाटे रत्नागिरीत उतरलो, भाड्याची गाडी घेतली आणि आंघोळी उरकून थेट उक्शी गाठलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रत्नागिरी, राजापूर, लांजा या भागांत आणि खाली सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंत जांभ्याचे उघडे सडे आहेत. या सपाट सड्यांवर माणसं, प्राणी, मासे, पक्षी आणि कशाचाच पत्ता न लागणाऱ्या चौकटी कोरलेल्या आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सडे पायी तुडवून आणि गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारून त्यातली कितीतरी शोधून काढली. २०२२ मध्ये यातल्या नऊ जागा युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेल्या : सात रत्नागिरी जिल्ह्यातल्या, एक सिंधुदुर्गातली, एक गोव्यातली. वयाचे अंदाज काही हजार वर्षांपासून मध्याश्मयुगापर्यंत मागे जातात.

उक्शीचा हत्ती बघायला सगळ्यांत सोपा. गावकऱ्यांनी पुढाकार घेऊन तो राखलाय, भोवती चिऱ्यांचं कुंपण आहे आणि थोडं उंचावरून बघता येतं. सुरुवात इथूनच करा. अख्खी आकृती एका नजरेत येते आणि डोळ्याला या रेषेची सवय होते. पुढच्या जागांवर ती सवय लागणारच आहे.

भाची हत्तीचे पाय आणि सोंड बघत होती, मी रेष. आमच्या धंद्यात कोरायच्या दोन तऱ्हा. एकीत रेषच खोदायची आणि शाई त्या खाचेत भरायची. दुसरीत आकृतीभोवतीचं काढून टाकायचं, मग जे उंच उरतं तिथे शाई लागते. लिनो आणि वुडकट ते. सड्यावर दोन्ही तऱ्हा आहेत. काही आकृत्या नुसत्या रेषेच्या, काही भोवतीचा दगड उतरवून उठावाच्या. ज्याला छापखाना नाही, कागद नाही, त्याने दोन्ही वाटा शोधून ठेवलेल्या बघून मला उगाचच आपल्या माणसाला भेटल्यासारखं वाटलं.

दुपारी मुक्कामाच्या घरी जेवण. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, तळलेला बांगडा. सोलकढी वाटीने नाही, तांब्याने. काकूंनी विचारलं, "तुम्ही पण संशोधनवाल्या का?" मी म्हटलं, "नाही, मी मूर्त्या करते." त्यावर त्या खूश होऊन म्हणाल्या, "मग गणपतीच्या आधी या होतात! इथे मूर्तिकारांना माणसं मिळत नाहीत."

दुसरा दिवस : कशेळी, चुकीच्या वेळी आणि बरोबर वेळी

पावसमार्गे किनाऱ्याकिनाऱ्याने कशेळी. रस्ता देखणा आहे, पण फोनवरच्या नकाशाने शेवटच्या टप्प्यात आम्हाला एका काजूच्या बागेत नेऊन सोडलं. पुढे गडगा, मागे वळायला जागा नाही. एक आजी डोक्यावर गवताचा भारा घेऊन आल्या. भारा न उतरवताच त्यांनी आम्हाला मागे घ्या, डावीकडे मारा, असं करून गाडी वळवून दिली. हे आजवरचं सर्वोत्तम पार्किंग मार्गदर्शन. मग म्हणाल्या, "त्या फोनाला इचारू नका. बेड्यापाशी थांबा नि माणसाला इचारा."

तेव्हा सूचना : नकाशावर ठिकाणाचा ठिपका असला तरी गावात थांबून विचारा. वाटेत लाकडी दांड्यांचं बेडं लागलं तर उघडून पुन्हा लावा, नाहीतर गुरं कुणाच्या तरी परसात शिरतात. सड्यावर झाड नाही, दुकान नाही, फोनला रेंज असेलच असं नाही. माणशी दोन लिटर पाणी आणि टोपी हवीच.

आम्ही पोचलो साडेअकराला, आणि ती मोठी चूक झाली. माथ्यावर ऊन, सगळा सडा एकसारखा तांबडा-काळा, मध्ये वाळक्या गवताचे सोनेरी पट्टे. वाटाडे काका काठीने दाखवत होते, "ही पाठ, ही सोंड, इकडे शेपूट." मी हो हो म्हणत होते. दिसत काहीही नव्हतं. जवळजवळ १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद हत्ती, आणि मी त्याच्या पाठीवर उभी राहून त्याला शोधतेय.

काकांना आमची तोंडं वाचता आली. म्हणाले, "जेवून या. पाचला या. तोवर तो झोपलेला असतो."

मधल्या वेळात कनकादित्याच्या देवळात जाऊन बसलो. सूर्याचं देऊळ, आत थंडगार. तिथल्या लाकडावरच्या कोरीव कामात मी तासभर अडकले. भाची बाहेर टिटवीच्या एका जोडीच्या मागे होती. सड्यावर टिटवी उघड्यावरच, खड्यांत अंडी घालते. आता विणीचा हंगाम नाही, पण एरवी मार्च ते जूनच्या सुमारास गेलात आणि टिटवी डोक्यावर ओरडत फिरायला लागली, तर आहात तिथे थांबा आणि पायाखाली बघा. हे भाचीने मला बजावून इथे लिहायला सांगितलंय.

पाचला परत गेलो. ऊन तिरपं झालेलं. प्रत्येक खाचेच्या एका काठाला सावली धरली होती आणि जमिनीतून हत्ती वर आला होता. मला दुसरा शब्द सापडत नाही. पाच तासांपूर्वी जिथून चालत गेले तिथेच तो होता, आता पाय टाकायला धजवेना. आणि त्याच्या पोटात, पायांत, सगळीकडे लहानमोठी जनावरं. मासे. शेपटीवाली पाकट. चौपायी काहीतरी, त्याच्या अंगावर दुसरं काहीतरी. एकात एक. भाची मोजायला लागली आणि तिशीच्या पुढे हरवली.

मी गुडघ्यांवर बसून एक खाच जवळून पाहिली. तळहाताशेजारी धरून बघितली, बोटभर खोल. काठ गोलावलेले, हत्याराची खूण कुठेच उरलेली नाही; तळाला जांभ्याची ती मधाच्या पोळ्यासारखी भोकं आणि एका ठिकाणी करड्या शेवाळाची चवली. जांभा मोठा नाठाळ दगड. जमिनीतून ताजा काढला की विळ्यानेही कापता येतो, हवा लागली की लोखंडासारखा होतो. वरचा जुना कातळ म्हणजे आधीच लोखंड. त्यात बारीक काम उभं राहत नाही, कड तुटते. म्हणून रेष जाड ठेवायची, वळण मोठं घ्यायचं, तपशील सोडून द्यायचा. माझे विद्यार्थी लिनो कोरताना डोळ्याच्या पापण्या काढत बसतात त्यांना इथे आणून बसवायला हवं.

एक गोष्ट मात्र कळत नाही. आठ फुटी भित्तिचित्र करायचं तर मी चौकटी आखते, दर दहा मिनिटांनी मागे जाऊन बघते. या माणसाला मागे जायला जागाच नव्हती, वर तर नव्हतीच. तरीही हत्तीच्या पाठीचा बाक कुठे अडखळत नाही. दोरी धरली असेल? पावलं मोजली असतील? आणि त्याने एकट्यानेच केलं असेल, हे तरी मी का धरून चाललेय? त्या बाईने असेल. त्यांनी असेल.

आता कबुली. पिशवीत हातकागदाची गुंडाळी आणि काळ्या मेणाच्या कांड्या होत्या. खाचेवर कागद ठेवून वरून मेण घासलं की दगडाचा ठसा कागदावर उतरतो. मी गुंडाळी बाहेर काढताच काका शांतपणे म्हणाले, "ताई, ते ठेवा आत." लोक फोटोसाठी रेषांत खडू भरतात, चुना ओततात, कुणी चपलांनी माती उकरतो, हे त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, मी फक्त घासणार आहे, तेही हलक्या हाताने. ते म्हणाले, "तुमच्यानंतर जो येईल तो हलक्या हाताने घासणार का?"

गुंडाळी आत गेली. राग आला होता, खोटं कशाला बोला. भाची दुसरीकडे बघत हसत होती.

गेंडा? काकांनी काठीने एक आकृती दाखवली होती, "ह्याला गेंडा म्हणतात." तोवर सूर्य खाली गेला आणि सगळंच पुसलं गेलं.

तिसरा दिवस : पाऊस, आणि देवाचं गोठणं

रात्री अकराला ढगांचा आवाज. पाच मिनिटांत घरमालक, काकू, त्यांचा मुलगा आणि आम्ही दोघी खळ्यात ताडपत्रीची टोकं धरून पळत होतो, कारण झोडलेलं भात उघड्यावर होतं. नोव्हेंबरअखेरचा अवकाळी. भात वाचलं. मालक ओल्या बनियनवर ओटीवर बसून म्हणाले, "भाताचं जाऊ दे. हा असाच डिसेंबरात आला तर आंब्याच्या मोहोराचं काय?" मग सगळ्यांना चहा झाला, रात्री बारा वाजता.

सकाळी ठरलेला बेत राजापूरकडे निघायचा. मला झोप नव्हती. सहाला भाचीला उठवलं आणि काकांना फोन करून पुन्हा कशेळीच्या सड्यावर.

पाऊस थांबून काही तास झाले होते, वारा सुटला होता. सड्याचा वरचा भाग वाऱ्याने सुकत आलेला, खाचांमध्ये मात्र पाणी. अख्खा हत्ती पाण्याने रेखलेला. आभाळ पांढरं, त्यामुळे पाण्याच्या रेषाही पांढऱ्या, आणि त्याच्या पोटातली सगळी जनावरं एकदम हजर.

एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा खोदून छापणं. ते करताना आम्ही सगळ्या पत्र्यावर शाई फासतो, मग जाळीच्या कापडाने वरची शाई पुसून घेतो. शाई उरते ती फक्त खोदलेल्या रेषांत. ते पुसणं हेच खरं कसब, वर्षं जातात शिकायला. इथे पावसाने शाई फासली होती आणि वाऱ्याने पुसून ठेवली होती, आणि असं किती हजार पावसाळे चाललंय. कागद तेवढा कुणी ठेवला नाही. मी काकांकडे बघितलं. ते म्हणाले, "आता काढा फोटो. खडू लागला का?"

मग आम्ही तिघं गेंड्यापाशी. पाठीचा बाक, खाली आलेलं जड डोकं, आखूड पाय. भाची उकिडवी बसून बराच वेळ बघत राहिली.

"रानडुक्कर असू शकेल," ती म्हणाली.

"शिंग आहे ना," काका.

"ते शिंग आहे की दगडाचं भोक?"

मला विचाराल तर मलाही सांगता येणार नाही. पाणी त्या टोकाशी एका खळग्यात साचलं होतं, आणि खळगा कोरलेला की आपोआप झालेला हे जांभ्यात ओळखणं अवघड. पण डोकं वाहण्याची ती ढब, मान खाली आणि सगळं वजन खांद्यात, ती बघून काढलेली आहे. चिलखत नाही, पत्रे नाहीत, जादा शिंग तर नाहीच. मी उभ्या उभ्या वहीत सात रेषांत ते काढलं. भाचीने वहीत डोकावून "डुक्कर" असं लिहून ठेवलं.

आठ वाजेपर्यंत रेषा सुकल्या.

सूचना : भर पावसाळ्यात सडा निसरडा असतो आणि गवत-पाण्यात बऱ्याच आकृत्या झाकून जातात. तेव्हा गेलात तर फुलांसाठी जा. सुरुवातीच्या पावसात इथे दीपकाडी फुलते, जी कोकणच्या सड्यांबाहेर सहसा दिसत नाही, आणि पुढे सीतेची आसवं. कातळशिल्पं बघायची तर नोव्हेंबरपासून पुढे, सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर. दुपारी जेवा आणि झोपा. रात्री पाऊस पडला तर नशीब समजा आणि पहाटे उठा.

नाश्त्याला घावणे आणि ओल्या नारळाची चटणी. मी सहा खाल्ले, मोजणारी भाची होती.

दुपारी देवाचं गोठणं. इथे सड्यावर एक माणसाची आकृती कोरलेली आहे, आणि तिच्याजवळ होकायंत्र बहकतं. खडकातल्या चुंबकीय गुणाचा हा प्रकार. भाचीने साधं होकायंत्र आणलं होतं. आकृतीपासून दूर उत्तर नीट दाखवणारी सुई जवळ आणताच सरकली, दुसऱ्या बाजूला गेल्यावर आणखी कुठेतरी. ती लहान मुलीसारखी फेऱ्या मारत होती. कोरणाऱ्यांना हे ठाऊक होतं का, यावर आम्ही राजापूरपर्यंत भांडलो. माझं म्हणणं, जागा निवडताना माणूस काय काय बघतो ते आपण आपल्या यादीने ठरवू नये. तिचं म्हणणं, होकायंत्राशिवाय चुंबक कळेल कसा. ती बरोबर असावी. तरीही.

चौथा दिवस : बारसू आणि चिरेखाण

बारसूच्या सड्यावर मधोमध माणूस आणि दोन्ही बाजूंना त्याच्याकडे झेपावणारे दोन वाघ. माणूस वाघांना आवरतोय की वाघ त्याला राखतायत, आपण ठरवायचं. हीच ती बारसू, जिथे २०२३ च्या एप्रिलमध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती परीक्षणावरून मोठं आंदोलन झालं. चहाच्या टपरीवर त्यावर दोन मतं होती आणि दोन्ही मतांची माणसं एकाच बाकावर बसून एकाच बशीतली भजी खात होती. मी मध्ये पडले नाही.

परतीच्या वाटेवर चिरेखाण लागली. यंत्राचं पातं जमिनीतून सरळ रेषेत फिरतं, मग आडवं, आणि घरं बांधायचे चिरे वड्यांसारखे सुटून येतात. खाणीच्या उभ्या भिंतीवर पात्याच्या समांतर रेघाच रेघा, तळाशी तांबडी धूळ घोट्यापर्यंत. मी ज्या घरात चार दिवस निवांत राहिले तेही याच चिऱ्यांचं, त्यामुळे नाक मुरडायला तोंड नव्हतं. पण वरच्या काठाला सड्याचा तो जुना काळा थर दिसत होता, हातभर जाडीचा, आणि नजर सारखी तिथे जात होती. अमुक एका सड्यावर काही कोरलंय की नाही, हे पातं फिरण्याआधी कुणी बघतं का? मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, "आमच्यात नाही सापडलं बा काही." थोड्या वेळाने म्हणाला, "बघितलं पण नाही."

कडेला फुटक्या चिऱ्यांचा ढीग होता. त्याला विचारून एक घेतला, गाडीच्या टपावर ठेवला, आणि इतके दिवस आत असलेली कागदाची गुंडाळी बाहेर काढली. मेणाची कांडी फिरवली तसा कागदावर चिरा उतरायला लागला. भोकं, गाठी, मध्ये पात्याची एक कडक सरळ रेघ. मुकादम आणि दोन कामगार बघत उभे. एकाने विचारलं, "हे विकत घेतात लोक?" म्हटलं, कधी कधी. तो चिऱ्याच्या ढिगाकडे बघायला लागला.

परतीच्या गाडीत तो फुटका चिरा माझ्या मांडीवर. सामानाच्या रॅकवर ठेवायला भाचीने साफ नकार दिला, खाली झोपलेल्या माणसाचा विचार करून.

आता घरी आल्याला तीन आठवडे झालेत. लिनोवरचा अर्धा गेंडा पुसून टाकला. नव्या प्लेटवर आधी चिऱ्याचा पोत उतरवला आणि त्यावर वहीतल्या त्या सात रेषा, जरा खोल, शाई कमी पुसून. पहिला छाप काढून भाचीला फोटो पाठवला. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं : "छान झालाय. डुक्कर."